ठोकळ्यावरची जीप

बबन गेल्याचे त्या दिवशी मला तीन फोन आले. एक लोणावळ्यातल्या वर्गमित्राचा, एक माझ्या बहिणीचा आणि एक अशा माणसाचा, ज्याची गाडी बबनने कधीतरी चिखलातून ओढून काढली होती. तिघांनाही मी "अरेरे, कधी?" एवढंच विचारलं. बबन गेला तेव्हा त्याची जीप मीच चालवत होतो आणि तो माझ्या मागच्या बाकावर होता, हे एकालाही सांगता आलं नाही. आज दीड महिना झाला. जेवण गोड लागत नाही, झोपेचं तर नावच नको. कुणाला तोंडाने सांगणं मला जमणार नाही, म्हणून लिहितो आहे.

शाळेत आम्ही एका बाकावर होतो. तो आंदर मावळातल्या एका वाडीचा, शिकायला लोणावळ्यात मामाकडे राहिलेला. पुढे मी तळेगावच्या एका कारखान्यात वेल्डर म्हणून चिकटलो आणि बबन वाडीवर परत जाऊन भातशेती करायला लागला. काही वर्षांनी त्याने लिलावातली एक जुनी फोर बाय फोर जीप आणली. वाडीला तेव्हा धड रस्ता नव्हता. एसटी आली तर आली. साप चावलेला माणूस असो की अडलेली बाई, बबनच्या दारात येऊन उभं राहायचं, बाकीचं तो बघायचा. जीप तो कायम उताराकडे नाक करून लावायचा, म्हणजे बॅटरीने दगा दिला तरी ढकलून चालू होईल. किल्ली दाराच्या चौकटीतल्या खिळ्याला. सुट्टीला आलेले शहरी लोक आपल्या नव्याकोऱ्या गाड्या ओढ्यात घालायचे, त्यांनाही हाच बाहेर काढायचा, आणि ते खुशीने चिक्कीचा पुडा हातात ठेवायचे. त्याच्या दाढा पडल्यावर ते सगळे पुडे माझ्याकडे येऊ लागले. "तुजं दात कंपनीनं शाबूत ठिवल्यात, तूच खा," म्हणायचा.

यंदा चैत्रात त्याच्याकडे गेलो असताना सहज जीपच्या मागच्या मडगार्डवर, म्हणजे चाकावरच्या कमानीवर, बोटाने टकटक केलं. आवाज बद्द आला. आतून स्क्रू ड्रायव्हर टोचला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. मी खाली शिरून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. गंज लागू नये म्हणून या शहाण्याने कमानीच्या आतून डांबरात बुडवलेलं गोणपाट चिकटवलं होतं. घराच्या पावसाकडच्या भिंतीला दरवर्षी आडोसा बांधतो, तसा याने जीपला बांधला. भिंत उन्हाळ्यात वाळते. जीपचं गोणपाट मात्र काही वर्षं पाणी धरून बसलं आणि पत्र्याचा पार भुगा झाला.

"बबन्या, ही तर वरून कीर्तन, आतून तमाशा."

"मग लांबी भर आन् दे रंग मारून. गाडी उभी ठिवायची न्हाई मला."

लांबी भरायची, म्हणजे भोकं नुसती पुट्टीने बुजवायची म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. मी मुळात हट्टी माणूस, त्यात उभा जन्म वेल्डिंगमध्ये गेलेला. सडका पत्रा कापायचा आणि नवा जोडायचा, मधलं काही मला ठाऊक नाही. दोन दिवस लागतील म्हणालो. बबन म्हणाला, "आन् दोन दिस गावानं आजारी पडायचं न्हाई, व्हय?" मी हसलो. शेवटी माझ्याच हट्टापुढे त्याने मान तुकवली.

पावसाळ्याच्या बरंच आधी, वैशाखात, मी वेल्डिंगचं मशीन घेऊन वाडीवर मुक्कामाला गेलो. त्याच्या अंगणात जीप जॅकवर उचलली, डावं मागचं चाक काढलं, खाली ठोकळे दिले आणि ग्राइंडरने कमान कापली. गोणपाटासकट तो गंजका तुकडा खाली पडला तेव्हा बबन स्वतःवरच मनसोक्त हसला. त्याच्या बायकोने, सुमनवहिनींनी, दोनदा चहा आणला. पाचच्या सुमाराला लाइट गेली आणि मशीन बंद पडलं. कारखान्यात एकतीस वर्षं पाचचा भोंगा झाला की हत्यारं पुसायची, पेटीत ठेवायची, कुलूप लावायचं. निवृत्त झालो तरी हाताची सवय गेलेली नाही. चाकाचे नट एका डब्यात होते, तो डबाही पेटीत गेला.

बबन म्हणाला, "चाक तेवढं लावून ठिव रं. लागतं कुनाला तरी. माजा डावा हात सकाळधरनं भरून आलाय, न्हाईतर मीच लावलं असतं."

मी म्हणालो, "उद्या सकाळी परत काढायचंच आहे. एका दिवसात कोण मरतंय?"

हे शब्द माझे आहेत. ते मी हसत हसत बोललो. हाताचं तर मला निमित्त वाटलं… त्याने नुसतं "बरं" म्हटलं. पेटीला एकदा कुलूप लावलं की मी ते उघडत नाही, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो धार काढून आला आणि ओट्यावर बसला तो बसलाच. घामाने सदरा भिजला होता. वहिनी रेंजसाठी टेकाडावर धावल्या. रुग्णवाहिका निघाली म्हणाले, पण ती वर पोचायची म्हणजे तास तरी जाणार. गावातली दुसरी गाडी, एक पिकअप, वऱ्हाड घेऊन पहाटेच गेलेली. मी पेटीचं कुलूप काढलं. चाक उचललं तर ते बोल्टांवर बसेना. ज्या हातांनी मी उभ्या आयुष्यात वाकडा जोड केला नाही, त्या हातांना चाकाची भोकं बोल्टांसमोर धरता येईनात. पाना सटकला, नट मातीत पडला. आणि बबन ओट्यावरून, एकेक श्वास गोळा करत, मला सांगत होता. "आदी हातानं पिळ… पाची… मंग पाना लाव… समुरासमुरचं आवळ…" त्याचे शेवटचे शब्द हेच. सगळं मिळून वीस मिनिटं गेली असतील. त्याला मागे घेतलं, वहिनी त्याला धरून बसल्या आणि मी जीप उतारावर सोडली. तिसऱ्या वळणावर मागून वहिनींचा आवाज आला.

"भावजी, आता हळू चालवा."

डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता, लवकर आणलं असतं तरी सांगता आलं नसतं. जो तो मला हेच ऐकवतो. त्याने काडीचाही फरक पडत नाही. वीस मिनिटं त्याची होती आणि ती मी कुलूप लावून ठेवली. दहाव्याला मी सगळ्यांच्या मागे बसून राहिलो. आदल्या दिवशीचं आमचं बोलणं वहिनींच्या कानावर गेलं होतं का, हे विचारायची छाती झाली नाही.

गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "भावजी, त्ये काम आर्धं ऱ्हायलंय. गाडी लागती गावाला." गेलो. जीप तशीच, नाक उताराकडे. बबनचा पुतण्या ती चालवतो आता. उघड्या कमानीतून चिखल उडून पेशंटच्या अंगावर येतो, असं त्याने सांगितलं. चाक काढलं, ठोकळे दिले. दिवसभर पत्रा ठोकून वाकवला, जोडला, घासला, वर गंज रोखणारं रेड ऑक्साईड मारलं. बोटाने टकटक केलं. आवाज खणखणीत आला, आणि तो ऐकायला बबन नव्हता. वरचा रंग आणि तशीच सडलेली उजवी बाजू दुसऱ्या दिवसावर ठेवली. पाच वाजत आले होते. हत्यारं पुसली आणि हात आपोआप पेटीच्या झाकणाकडे गेला.

मागे वळलो तर वहिनी ओट्यावर पाना घेऊन उभ्या होत्या. तोंडावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"चाक लावा, भावजी," त्या म्हणाल्या. "लागतं कुनाला तरी."

मी चाक उचललं. पाचही नट आधी हाताने पिळले. मग त्यांच्या हातातून पाना घेतला.