दोन तुमचे, दोन माझे

कुंदानं ऑक्सिजनचा मास्क तोंडावरून काढला आणि माझ्यापुढे धरला. भेटीच्या वेळेत मी तिच्या पलंगाशेजारी स्टुलावर बसलो होतो आणि सवयीप्रमाणे बोलत होतो... कुणाच्या तरी बदलीबद्दल, बहुतेक. नर्स धावत आली. "आंटी, ये क्या कर रही हैं!" म्हणत तिनं मास्क परत लावला आणि मला बाजूला घेऊन समजावलं, की अशा आजारात पेशंटला भ्रम होतो, मनावर घेऊ नका. मी मान डोलावली. भ्रम कसला डोंबलाचा! मास्कच्या वर तिचे डोळे हसत होते, आणि चादरीवरच्या हाताची दोन बोटं माझ्याकडे रोखलेली होती. दोनच घ्या, तिसरा घ्याल तर बघा... ही आमची शेवटची भेट. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यातून फोन आला, आणि रोलिंग मिलमध्ये आयुष्यभर ओरडलेल्या माझ्यासारख्या माणसानं रिसीव्हर हळूच खाली ठेवला.

त्या दोन बोटांची गोष्ट सांगायची म्हणून हा लेख. खरं तर भांडायचं म्हणून. तेरवीला माझे साडू, चरोद्याचे दिनकरराव, पंगतीत बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पाण्यातले ते धंदे केले नसते त कुंदाताई आज असत्या." त्यावर मी काय केलं ते पुढे येईलच. कुंदाचा आजार फुप्फुसाचा होता हे खरं. त्याचा पाण्याशी काडीचा संबंध नाही, हे डॉक्टरांनी मला निक्षून सांगितलं हेही खरं. पण दिनकरराव बोलले ते पुष्कळांच्या मनात आहे, हे मला माहीत आहे. तर मंडळी, होय, आम्ही नवरा-बायको पाठीवर हवेचे सिलिंडर बांधून समुद्राच्या तळाशी गेलो होतो. समुद्रापासून शेकडो मैल लांब, भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीत राहून. हसायचं असेल तर आताच हसून घ्या, पुढे माझी फजिती भरपूर आहे, तेव्हा दम राखून हसा.

कुंदा दुर्गची. तिचं माहेर तिथं तीन पिढ्यांपासूनचं, शिवनाथ नदीत भावांबरोबर उड्या मारत ती वाढली. मी आर्वीकडचा. आमच्याकडे पाणी विहिरीत असतं आणि विहिरीत उतरलेल्या माणसाची बातमी होते. लग्नाआधी मी तिला नुसती आवाजानं ओळखत होतो. ती टाउनशिपच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. एकदा नंबर लागायला वेळ लागला म्हणून मी मिलमधून रिसीव्हरमध्ये गरजलो, तर पलीकडून थंडपणे उत्तर आलं, "सर, आप फोन रख के बोलिए, वैसे भी वहाँ तक सुनाई देगा." पुढे वर्षभरानं दुर्गला मुलगी पाहायला गेलो. मुलीनं खाली बघत "साखर किती?" एवढंच विचारलं आणि माझ्या कपातला निम्मा चहा बशीत आला. तोच आवाज! लग्नानंतर ती सांगायची, "मी त तुमाले आवाजावरूनच नापास केलं होतं. बाबाले पसंत पडले तुमी."

आठ-आठ तास तिच्या कानाला हेडफोन आणि त्यात अख्खा प्लांट ओरडत असायचा. घरी यायची तर समोर मी. मिलच्या गोंगाटात राहून माझा आवाज असा झाला होता, की मी हळूच मीठ मागितलं तरी शेजारचे मीठ घेऊन येत. ती दुपारच्या लेडीज टाइमला क्लबच्या पोहण्याच्या तलावावर जायला लागली तेव्हा मला वाटलं, व्यायाम करत असेल. एकदा तिला आणायला गेलो. बाकीच्या बायका काठाला धरून गप्पा मारत होत्या आणि माझी बायको तळाशी मांडी घालून बसली होती! वर आली तेव्हा चेहरा असा, की जणू महिनाभर झोपून उठलीय. "काय करून राहिली होतीस खाली?" मी विचारलं. ती म्हणाली, "काही नाही. तिथं कोणी हॅलो म्हणत नाही."

ऐंशीच्या दशकात आमच्या सेक्टर दहामध्ये मॅथ्यू नावाचे एक गृहस्थ मुलीकडे राहायला आले. नौदलातून निवृत्त झालेले पाणबुडे. रिकामं बसवेना म्हणून त्यांनी क्लबच्या तलावावर दर रविवारी शिकवायचं ठरवलं. त्यांच्याकडे सिलिंडर दोन, ते विशाखापट्टणमला जाणाऱ्या-येणाऱ्याबरोबर भरून आणवायचे. नियम मात्र एकच, आणि तो पोलादासारखा. "अकेला कोई नहीं उतरेगा. जोड़ी लाओ." दुसऱ्या कुणा बाईनं नाव दिलं नाही. परक्या पुरुषाबरोबर कुंदानं जोडी लावावी, एवढी आमची टाउनशिप पुढे गेलेली नव्हती. म्हणजे राहिलो मी. मी उतरलो तर ती उतरणार, नाहीतर जन्मभर तिनं काठावर बसायचं. ही गोष्ट मला तिनं सांगितली तेव्हा माझं नाव देऊन झालं होतं.

मी काय केलं असेल? माझ्या कानात दोष आहे, असं सांगितलं. कुंदा म्हणाली, "कान ठणठणीत आहेत तुमचे. ऐकत नाही, तो वेगळा आजार आहे." मग मी आईचा आधार शोधला. आई तेव्हा आमच्याकडेच असायची. मला खात्री होती, की सुनेनं तलावात सिलिंडर बांधून उतरायचं म्हटल्यावर ती आकाशपाताळ एक करेल. मी मोठ्या गंभीरपणे तिला सगळं सांगितलं. आई गहू निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तुले भेव वाटते त तसं सांग ना. तिच्यावर कशाले ढकलून राहिला?"

संपलं. पुढच्या रविवारी मी तलावावर हजर झालो. पायांत ते बदकासारखे रबरी पाय घालून सरळ पुढे चालत निघालो. ते घालून उलटं चालायचं असतं, हे मॅथ्यू सांगत असताना मी दुसऱ्या कुणाला तरी काहीतरी सांगत होतो. तीन पावलांत पालथा पडलो. कुंपणापाशी बघे जमले होतेच. कुंदानं शिंप्याकडून पूर्ण बाह्यांचा काळा पोशाख शिवून घेतला होता, तो बघायला आलेली मंडळी माझ्यावर खूश होऊन गेली. मी तिला म्हणालो, "लोक पाहून राहिले." ती म्हणाली, "पाहू द्या. तिकीट नाही लावलं आपण." पाण्याखाली गेल्यावर मी सिलिंडरची हवेची नळी तोंडात असताना तिच्याशी बोलायचा प्रयत्न केला आणि अर्धा तलाव प्यालो.

पण खरी परीक्षा वेगळीच होती. खाली एकाची हवा संपली तर दोघांनी एकाच नळीवर वर यायचं. एकमेकांचा पट्टा धरायचा, समोरासमोर राहायचं. दोन श्वास मी घ्यायचे, नळी तिला द्यायची. दोन तिनं घ्यायचे, मला द्यायची. आणि नळी दुसऱ्याकडे असताना श्वास कोंडून धरायचा नाही, हळूहळू बुडबुडे सोडत राहायचं. कोंडून धरला तर वर येताना छाती फुटते. कुंदाला हे पहिल्याच झटक्यात जमलं. मी? मी दोन घेतले, आणि नळी सोडवेना. जीवच तो... तिसरा घेतला. मग चौथा. कुंदा माझ्यासमोर शांतपणे बुडबुडे सोडत राहिली आणि शेवटी हवा संपल्यावर वर निघून गेली. असं लागोपाठ तीन रविवार झालं. मॅथ्यू मला काही बोलले नाहीत, तिला म्हणाले, "मैडम, अगले संडे भी ऐसा हुआ तो जोड़ी कैंसल. समंदर में ये आपको मार देंगे."

घरी येताना स्कूटरवर मी म्हणालो, "दुसरा कोणी शोधू तुझ्यासाठी." मागून आवाज आला, "मले दुसऱ्यासोबत जायचं असतं त तुमाले कशाले घासत बसली असती?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं चहाचा एकच कप आणला. अंगणात माझ्यासमोर वेताच्या मोढ्यावर बसली. "दोन घोट घ्या अन् मले द्या. मग मी दोन घेईन. मधात बोलायचं नाही, श्वास सोडत राहायचं." पहिल्या दिवशी मी चहाचेसुद्धा तीन घोट घेतले! तिनं कप काढून घेतला आणि उरलेला चहा माझ्या डोळ्यांदेखत तुळशीपाशी ओतला. दारात आई उभी होती. मला वाटलं, आता उष्ट्यावरून रामायण होणार. आई एवढंच म्हणाली, "तुळशीले कशाले देतं वं बाई, मले दे." शनिवारपर्यंत रोज, सकाळ-संध्याकाळ, कप इकडून तिकडे... आणि रविवारी तलावाच्या तळाशी माझ्या हातानं दोन श्वासांनंतर नळी आपोआप पुढे केली. मॅथ्यूंनी वर आल्यावर माझ्याशी हात मिळवला. कुंदानं फक्त विचारलं, "चहा घेता का?"

केरळला परत जाताना मॅथ्यूंनी तिला जुन्या नळीचा, दातांत धरायचा रबरी माउथपीस आठवण म्हणून दिला. तो तिनं फोनच्या वर खिळ्याला टांगला. आमच्याकडे आलेला पाहुणा फार वेळ बोलत बसला, म्हणजे बहुतेक वेळा पाहुण्याशी मीच फार वेळ बोलत बसलो, की कुंदा उठायची, माउथपीस काढायची आणि एक अक्षर न बोलता माझ्यापुढे ठेवायची. त्याचा अर्थ अख्ख्या सेक्टरला पाठ झाला होता.

नव्वदीच्या दशकात, मुलगी कॉलेजात गेल्यावर, प्रवासाची सवलत घेऊन आम्ही लक्षद्वीपला गेलो. रेल्वेनं कोचीन, मग जहाज. समुद्रात तीन-चार माणसांच्या उंचीइतकं खाली गेल्यावर काय दिसतं ते मी सांगत नाही. मला सांगता येतं, पण कुंदानं सक्त मनाई केली होती. "ते सांगितलं त तिथं पण आवाज होईन," म्हणायची. एवढंच सांगतो, की वाळूवर ती गुडघे टेकून बसली होती, हात मांडीवर, आणि तिच्यासमोरून मासे असे जात होते, जशी सायरन झाल्यावर शिफ्ट सुटते, पण अजिबात आवाज न करता. मी एका हिरव्या माशामागे लागलो. तो प्रवाळाला दातांनी कुरतडत होता आणि मी कौतुकानं बघत होतो. सिलिंडरचा काटा बघायचा असतो, हे मी विसरलो. श्वास ओढला तर आलाच नाही. बाकीचे पुढे होते. मी वळलो तेव्हा कुंदा माझ्यापर्यंत पोचलेली होती. नळी तिनं आधीच तोंडातून काढून पुढे धरली होती, आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं माझ्यासमोर होती. दोन तुमचे, दोन माझे. असे आम्ही वर आलो, सावकाश, एकमेकांचे पट्टे धरून, एकमेकांच्या डोळ्यांत बघत... लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण तिच्याकडे इतका वेळ न बोलता मी कधी पाहिलं नव्हतं.

होडीत चढल्यावर मी रडायच्या बेतात होतो. कुंदानं चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाली, "एकदा तीन घेतले तुमी."

घेतले नव्हते. मी शेवटपर्यंत मान्य केलं नाही आणि तिनं शेवटपर्यंत सोडलं नाही. भांडण कुठलंही असो, भाजीचं, पोरीच्या लग्नाचं, ते येऊन तिथंच थांबायचं.

आता तेरवी. दिनकरराव बोलले आणि पंगतीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पोरगी मला डोळ्यांनी खुणावत होती, "पापा, रहने दो ना." मी उठलो. सगळ्यांना वाटलं, आता हा मिलमधला आवाज काढणार. मी फोनपाशी गेलो, खिळ्यावरून माउथपीस काढला आणि दिनकररावांच्या ताटाशेजारी ठेवला. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून फिस्सकन हसू आलं. कुंदाच्या एक्स्चेंजमधल्या मैत्रिणी पदरात तोंड खुपसून हसत होत्या. हसता हसता रडत होत्या. तेरवीच्या दिवशी हसण्याचा आवाज गल्लीपर्यंत गेला. गेला तर गेला. माझ्या बायकोनं जे केलं ते चोरून केलं नव्हतं, त्याचं मी सुतकही पाळणार नाही.

माउथपीस परत खिळ्यावर आहे. चहा अजून एकाच कपात होतो. पोरगी म्हणते, पापा, पूरा पी लिया करो. मी दोन घोट घेतो आणि कप समोरच्या मोढ्यावर ठेवतो. चहा निवतो. निवू दे. भेटायला येणारे मला सांगतात, आता जरा शांत बसत जा, फार बोलू नका, त्रास होईल. शांत? नळी सध्या कुंदाकडे आहे, आणि नळी दुसऱ्याकडे असताना श्वास कोंडायचा नसतो. म्हणून मी बोलतोय, लिहितोय, बुडबुडे सोडतोय, आणि सोडत राहणार. तिनं तिकडं तिसरा घ्यावा, चौथा घ्यावा, हवे तितके घ्यावेत.

मी मोजणार नाही.