दाखला एक, कॉलेजं दोन

सल्ला द्यायला तुम्हा बठ्ठ्यांना सवड आहे, पोरीबरोबर धुळ्याला यायला एकालाही नव्हती. असो. जळगाव, भुसावळ, नाशिक, सगळ्यांना आशीर्वाद. जळगावात वाचून झालं की पत्र पुढे धाडा.

आज सकाळच्या एसटीने नातीला, मंगलला घेऊन धुळ्यात देवपूरच्या कॉलेजात गेले. तिथे डीएडला तिचं नाव लागलंय. कारकून म्हणाला, "आजी, मूळ दाखला जमा करा. शनिवारपर्यंत नाही केला तर जागा पुढच्या मुलीला."

मी म्हटलं, "ठेवते. सोमवारी जळगावला इंजिनिअरिंगची यादी लागायची आहे, तेव्हा परत दे."

"एकदा ठेवला की वर्षभर इथेच."

जळगावच्या प्रतीक्षा यादीत ती चौथी. मंगलने कागदांची पिशवी पोटाशी धरली ती सोडेना. म्हणाली, "आजी, माले मास्तरीण नही व्हवानं." रडली नाही, तेवढं बरं केलं. दाखला घेऊन तसेच परत आलो. माझे पाय भरून आलेत.

तुम्ही लिहिता, जळगावची वाट बघा. दोन्हीकडून गेली तर पोर वर्षभर घरात, आणि तिचा बाप स्थळं बघायला टपलाच आहे. नंबर लागलाच तरी तिथे मुलींचं वसतिगृह नाही. नाना, तू लेक माझा, जळगावातून लिहितोस "घर आपलंच आहे." घर तुझं, पण पहाटे उठून डबा तुझी बायको करते.

म्हणून पोरीला घरी ठेवून घेणार का, याचं उत्तर शुक्रवारच्या आत सूनबाईने स्वतःच्या हाताने लिहायचं. नानाने पेनाला हात लावायचा नाही.