साक्षीत न आलेली बहीण

आमच्या घरात संध्याकाळची प्रार्थना लहानापासून सुरू होते. सगळ्यात लहान असेल त्याने आधी देवाचे उपकार मानायचे, मग त्याच्याहून मोठ्याने, असं करत सगळ्यात मोठ्या माणसापर्यंत यायचं आणि मग सगळ्यांनी मिळून आमेन म्हणायचं. ही पद्धत माझ्या वडिलांनी घातली. लग्न होऊन मी लातूरला आले तेव्हा माहेरून फारसं काही आणता आलं नाही, ही पद्धत मात्र आणली.

माझा मुलगा साडेतीन वर्षांचा, म्हणून सुरुवात त्याची. तो रोज जेसीबीबद्दल उपकार मानतो. आमच्या गल्लीत एका कोचिंग क्लासची नवी इमारत उठते आहे, तिथे जेसीबी येतो. पहिल्यांदा मी त्याला म्हटलं, "अरे, जेवणाबद्दल म्हण, मम्मी-पप्पांबद्दल म्हण." तो म्हणाला, "ते तुम्ही म्हणा ना." त्यानंतर मी त्याला अडवलं नाही. त्याच्यानंतर सहा वर्षांची मुलगी, मग मी, मग मुलांचे वडील.

गेल्या वर्षी माझी आई आमच्याकडे राहायला आली तेव्हा शेवटची पाळी तिची असायची. ती हात जोडायची, डोळे मिटायची, पण बोलायची नाही. आम्ही थोडं थांबायचो आणि आमेन म्हणायचो. थोड्याच दिवसांत मुलगी मला म्हणाली, "आजीची पाळी रोज रिकामीच जाते."

"आजी मनात म्हणते," मी सांगितलं. माझे वडील आम्हाला लहानपणी हेच सांगायचे. खरं कारण वेगळं आहे आणि ते मी आहे, असं मी वीसेक वर्षं धरून चालले होते. त्याबद्दलच लिहायचं आहे. नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही.

भूकंप झाला तेव्हा मी आठ वर्षांची होते. आमचं गाव औशाकडचं. घरं दगडमातीची, वर मातीचं जड धाबं. आमच्या घराला पुढे पत्र्याचा सोपा होता आणि आम्ही चौघं तिथे झोपलो होतो: आई, वडील, माझा भाऊ आणि मी. माझी सगळ्यात धाकटी बहीण आत, झोळीत होती. त्या पहाटेतलं मला आवाज आणि धूळ यापलीकडे काही आठवत नाही. उजाडल्यावरचं आठवतं. वडील दगड बाजूला करत होते. शेजारचे शिंपीचाचा, ज्यांचं स्वतःचं घर बसलं होतं, तेही करत होते. नंतर चाचांनी शिवायला आलेल्या कापडातला एक पांढरा तुकडा कुठून तरी झटकून आणला आणि आईच्या हातात दिला. त्या तुकड्यावर खडूची रेघ मारलेली होती, कापण्यासाठी. आई त्या रेघेवरून बोट फिरवत राहिली.

त्याआधी प्रार्थनेची सुरुवात बाळापासून व्हायची, कारण तीच सगळ्यात लहान. आई तिचे दोन्ही हात आपल्या मुठीत धरून जोडायची आणि तिच्या वतीने म्हणायची, "देवा, दुधाबद्दल उपकार." बाळ हसायचं. मग आम्हीही हसायचो आणि वडील रागावल्यासारखं करायचे.

भूकंपानंतर काही महिन्यांनी नांदेडला आमच्या ख्रिस्ती लोकांचा एक मोठा मेळावा झाला. उपासनेत उभं राहून देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं, याला आमच्यात साक्ष म्हणतात. भूकंपातल्या एखाद्या लेकराने साक्ष द्यावी असं ठरलं. मी धीट होते, पाठांतर चांगलं होतं. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी मला चार-पाच वाक्यं लिहून दिली. ते वाईट माणूस नव्हते. भूकंपानंतर गावाला राहायला दिलेल्या पत्र्याच्या शेडात आमच्यासोबत ते दोन महिने राहिले होते. "बाळाचं सांगू नको," ते म्हणाले, "लोक रडतील आणि तूही रडशील. उपकार मानून खाली बस."

मी उभी राहिले आणि खणखणीत आवाजात म्हटलं, "देवाने आमच्या सगळ्या कुटुंबाला वाचवलं."

मंडपभर स्तुतीचे शब्द उठले. कुणीतरी मला उचलून घेतलं. आई बायकांच्या बाजूला सतरंजीवर बसली होती. मी तिच्याकडे गेले तेव्हा तिने पदराने माझं तोंड पुसलं आणि म्हणाली, "घसा कोरडा पडला असंल. पाणी पी." बस, एवढंच.

त्या मंडपात नांदेडच्या मुलींच्या वसतिगृहाच्या बाई होत्या. त्यांनी माझ्या वडिलांना गाठलं. पुढच्या जूनपासून मी त्या वसतिगृहात राहून शिकू लागले. दहावी तिथेच झाली. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, तीही लग्नानंतर, दोन मुलं झाल्यावर. आज मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पण त्या शिक्षणाचं मूळ शोधत मागे गेले की मी त्या एका वाक्यापाशी जाऊन पोचते. सुट्टीत घरी यायचे तेव्हा प्रार्थनेत आईची पाळी यायची आणि ती गप्प असायची. मी मनाशी जोडून टाकलं: मी बहिणीला गाळलं, म्हणून आई बोलत नाही. कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर ती काय म्हणेल याची भीती होती.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता माझ्या मुलीला ताप आला आणि तो उतरेना. आठ दिवस दवाखान्यात होतो. तेव्हाच आई गावाहून आली. शेजारच्या बेडवर उदगीरकडचा एक मुलगा होता, नऊ-दहा वर्षांचा. तो आणि माझी मुलगी बाटल्यांच्या झाकणांनी खेळायचे, एकेक झाकण या बेडवरून त्या बेडवर. त्याची आई आणि माझी आई एका डब्यातली भाकरी खायच्या. सहाव्या दिवशी सकाळी मुलगी उठली तेव्हा बेड रिकामा होता.

"दादा कुठे गेला?"

"घरी गेला," मी म्हटलं.

तिने वाकून बेडखाली पाहिलं. "मग त्याची चप्पल?"

आई उठून पाणी आणायला गेली.

मुलगी बरी झाली. माझ्या परीक्षा जवळ आल्या होत्या, म्हणून आई थांबली. मी कॉलेजला निघाले की ती दारात म्हणायची, "जा बाई, तू कॉलेजात आन मी बालवाडीत." लातूर तिला पटत नव्हतं. आमची गल्ली क्लासेसची. जिकडे पाहावं तिकडे मुलामुलींच्या फोटोंचे फ्लेक्स, खाली मार्क. माझे पती एका क्लासमध्ये कामाला आहेत. बाकं लावणं, नोट्सच्या झेरॉक्स वाटणं आणि निकाल लागला की फ्लेक्स बांधणं, हे त्यांच्याकडे. एकदा आईने एका फ्लेक्ससमोर उभं राहून त्यांना विचारलं, "ही लेकरं इलेक्शनला उभी हायत का?"

"नाही हो माय, डॉक्टरकीला नंबर लागला त्यांचा."

"मग बाकीची कुठं हायत?"

"बाकीची म्हणजे?"

"ज्यांचा लागला न्हाई ती."

हे हसले. "त्यांचा फ्लेक्स कोण लावतंय, माय."

नाताळ जवळ आला. चर्चमधल्या संडेस्कूलच्या बाईंनी मुलीला साक्ष द्यायला निवडलं आणि एक कागद दिला. शेवटचं वाक्य होतं की प्रभूने माझी प्रार्थना ऐकली आणि मला बरं केलं. मुलीने बाकी सगळं दोन दिवसांत पाठ केलं. शेवटच्या वाक्यापाशी ती थांबायची.

"मम्मी, दादाने पण प्रार्थना केली होती. आम्ही दोघांनी केली होती. मग?"

मी भांडी घासत होते. मला माझ्या आवाजाचं आजही नवल वाटतं, किती सहज म्हटलं मी, "तू तुझ्यापुरतं म्हण बेटा. दादाचं नको सांगू. लोकांना वाईट वाटेल."

आई दारापाशी ज्वारी निवडत होती. सुपातला हात न थांबवता ती म्हणाली, "तिला गाळायला शिकवू नगं."

मुलगी शाळेत गेल्यावर मी आईच्या समोर जाऊन बसले. तिच्या सुपातले खडे मीही वेचू लागले. शेवटी म्हटलं, "माय, नांदेडला मी बाळाला गाळलं. आठ महिन्यांची होती ती. तेव्हापासून तू प्रार्थनेत बोलत नाहीस."

"सात," आई म्हणाली. "आठवा लागायचा व्हता."

मग ती पुन्हा ज्वारी निवडू लागली. मला वाटलं विषय संपला. तेवढ्यात ती म्हणाली, "नांदेडपासून न्हाई. शेडात तुझ्या बानं पहिल्यांदा परार्थना घेतली, तवापासून. तू ल्हान व्हतीस, तुझ्या ध्यानात न्हाई आलं."

"मग कशामुळे?"

"पडसं झालं व्हतं तिला. बाहेर दव पडायला लागलं म्हणून मीच उचलून आत ठिवलं. तुझा बा म्हणला, राहू दे हितंच. मी न्हाई ऐकलं." तिने सूप खाली ठेवलं. "तुमी समदे एकेक करून उपकार मानायचे. मला तोंडच न्हाई ऱ्हायलं. कशाचा उपकार मानू? आन मागणं मागू तर कोणत्या तोंडानं?"

मी रडू लागले. तिचे डोळे कोरडे होते. मला वाटलं ती आता म्हणेल, तुझं काही चुकलं नाही. ती म्हणाली, "पर तू गाळलीस, ते बी खरंच हाय. मंडपात मला वाटलं, एवढ्या लोकात एकानं तरी इचारावं की कडेवरचं कुठाय. कुणालाच ठावं नव्हतं ना."

तिने सूप पुन्हा उचललं. "बस निघंल तुझी. जा कॉलेजात."

आईबापाने लेकरांना देवाविषयी काय शिकवावं, यावर आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चात, पुष्कळ प्रवचनं होतात. मी ती वहीत लिहूनही घेतली आहेत. खोटं बोलू नये हे पहिल्याच पानावर आहे. पण देवाची बाजू सांभाळण्यासाठी आपण लेकरांना अर्धं सांगायला शिकवतो, हे कुणी बोललेलं मला आठवत नाही. मलाही सुचलं नव्हतं. ज्या देवाकडे लेकरू जेसीबी घेऊन जाऊ शकतं, त्याच्याकडे त्याला रिकामा बेड घेऊन जाता आलं पाहिजे, असं मला आता वाटतं. चुकतही असेन. मला अजून त्या रिकाम्या बेडचं उत्तर माहीत नाही आणि मुलीलाही मी तेच सांगितलं.

नाताळच्या कार्यक्रमात ती लाल फ्रॉक घालून उभी राहिली. कागदातलं सगळं म्हणाली, शेवटचं वाक्यसुद्धा म्हणाली. मग म्हणाली, "माझ्या शेजारी एक दादा होता. आम्ही झाकणांनी खेळायचो. तो घरी गेला नाही. का ते मम्मीला माहीत नाही. मला पण नाही." आणि खाली उतरली.

पुढच्या बाकावर कुणीतरी खोकलं. लगेच पेटी सुरू झाली. नंतर संडेस्कूलच्या बाई माझ्याजवळ आल्या आणि चांगल्या मनाने म्हणाल्या, "छान बोलली हो. शेवट तेवढा आनंदाचा पाहिजे होता, सणाचा दिवस आहे." मी मान हलवली. मागे पाहिलं तर आईने मुलीला जवळ ओढलं होतं आणि बाटलीचं झाकण उघडत होती. "घसा कोरडा पडला असंल," ती म्हणत होती. "पी."

त्या संध्याकाळी आम्ही दमून घरी आलो. मुलगा आईच्या मांडीवर झोपून गेला होता. आम्ही प्रार्थनेला बसलो आणि मुलगी म्हणाली, "हा तर झोपला. सुरुवात कोण करणार?"

"तू कर," हे म्हणाले.

"पण पहिली पाळी त्याची आहे."

आईने मांडीवरच्या पोराकडे पाहिलं. त्याचे दोन्ही हात तिने आपल्या हातांत घेतले. एका मुठीत चॉकलेटचा कागद होता. तो तिने हळूच काढून बाजूला ठेवला आणि त्याचे तळवे एकमेकांना जोडले.

"देवा," आई म्हणाली. आवाज खरखरीत होता. "जेसीबीबद्दल उपकार."

मुलगी खुदकन हसली. हे पण हसले. मला हसता आलं नाही.

मग मुलीची पाळी झाली. माझ्या पाळीला मी म्हटलं, "देवा, माझी एक धाकटी बहीण होती. सात महिन्यांची." नंतर मुलांचे वडील बोलले. शेवटी आईची पाळी आली. तिच्या हातांत अजून त्या झोपलेल्या पोराचे हात होते. ती काही बोलली नाही. आम्ही रोजच्यापेक्षा जास्त वेळ थांबलो. मुलगीसुद्धा चुळबुळ न करता थांबली. मग आम्ही आमेन म्हटलं आणि मी ताटं वाढायला उठले.