उजेडातले मोड, अंधारातले मोड

आदरणीय विमलताईंची आणि माझी पहिली भेट पुसदला, बचत गटाच्या प्रशिक्षणात झाली. ताई आहारशास्त्राच्या प्राध्यापिका. त्यांनी दोन वाट्यांत मूग आणले होते. अंधारात ठेवलेल्यांचे मोड लांब, पांढरे, कोवळे. खिडकीतल्या उजेडात वाढलेले आखूड, हिरवट, जरा कडसर.

"ताई, चांगले कोणते?" मी विचारले.

"उजेडातल्यांत क जीवनसत्त्व बहुधा जास्त. पण लेकरं ते खातात का, हेही पाहा."

मी उत्तर लिहून घ्यायला पेन उघडून बसले होते. ते तसेच मिटले.

पुढे आमच्या गटाने महागावच्या बाजारात मोड विकायला सुरुवात केली. ताई आपणहून मार्गदर्शनाला येत. एकदा उन्हाळ्यात त्यांनी डबा उघडला, वास घेतला आणि सगळा माल फेकायला लावला. मोड तर टपोरे दिसत होते! ताई म्हणाल्या, ज्या उबेत मोड जोमाने वाढतात, त्याच उबेत रोगजंतूही वाढतात. गरोदर बायांना तर शिजवूनच द्या. मग मोड पौष्टिक की धोक्याचे? माझा गोंधळ वाढतच गेला.

त्यातच माझ्या सासूबाईंनी मधुमेहाची गोळी बंद केली. मोडांनी साखर उतरते, असे बाजारात कोणीतरी त्यांना सांगितले होते. त्या अंगणात चक्कर येऊन पडल्या. दवाखान्यातून घरी आणल्यावर ताई आमच्या बंजारा तांड्यावर आल्या आणि आमच्या बोलीत त्यांना "याडी", म्हणजे आई, अशी हाक मारून खाटेशी बसल्या.

"मोड चांगले असतात ना, बाई? मंग गोळी कायले घेऊ?" सासूबाईंनी विचारले.

"चांगलेच आहेत. पण ते जेवण आहे, याडी. औषध नाही."

"फायदा किती होते, ते तं सांगा."

ताई म्हणाल्या, "ते मलाही नेमकं सांगता येत नाही. बी, पाणी, ऊन, सगळ्यानं बदलतं. गोळीचं मात्र सांगता येतं."

सासूबाईंनी गोळी घेतली.

आजही गिऱ्हाईक फायदे विचारते आणि मी "नेमकं सांगता येत नाही" म्हणते. शेजारचा विक्रेता मोडांनी सगळे रोग बरे करतो, गर्दी त्याच्याकडे. माझे बरोबर चालले आहे का, मला कळत नाही. ताईंना विचारले, तर त्याही विचारात पडतात.

ताईंच्या पंचाहत्तरीच्या सोहळ्याला सासूबाई येणार आहेत. दोघींत वयाने मोठे कोण, याचा उलगडा झालेला नाही. त्यामुळे कोणी कोणाच्या पाया पडायचे, हा घोळ आहेच. ताईंना निरोगी, उदंड आयुष्य लाभो आणि दोघींचा हा वाद पुष्कळ वर्षे मिटू नये.