उघडणारी पाती

ओमानमधल्या रुवीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये रत्नागिरीकडचा एक टर्नर होता. आमचे ओमानी मालक, म्हणजे अर्बाब, दर हिवाळ्यात परदेशात क्रॉसबोने हरणाच्या शिकारीला जात, तेव्हा बाणांची टोकं त्यालाच निवडायला सांगत. या टोकांची पाती मिटलेली असतात आणि जनावराच्या अंगात शिरताना उघडतात. तो वाळूच्या पोत्यावर ओलं चामडं ताणून एकेक टोक दाबायचा आणि डोळे मिटून पाती उघडल्याचा खटका ऐकायचा.

त्या वर्षी त्याने तीन टोकं बाजूला काढली.

“यल्ला, जल्दी करो, सब नया है!” विमानाच्या घाईत अर्बाब ओरडले.

“इसका ब्लेड देर से खुलता है, अर्बाब.” त्याने तिन्ही टोकं ऐरणीवर ठेवून हातोड्याने चेचली.

अर्बाब खुर्चीत बसले. “बाकी भी देखो.”

“अरे, नोकरी गेली असती तुझी,” बाजूच्या टेबलावर बिलं टाइप करता करता मी कुजबुजलो.

“जाऊ दे की, भाऊसाहेब. पातं उशिरा उघडलं तर जनावर जखम घेऊन पळतं. दोन-दोन दिवस मरण येत नाही त्याला.”

माझी पत्नी जाऊन तेव्हा महिनाच झाला होता. शेवटचे अकरा आठवडे ती मरण मागत होती. मी टायपिंग थांबवलं. त्याने पुढचं टोक चामड्यावर टेकवलं, तेव्हा मीही डोळे मिटले आणि खटक्याची वाट पाहू लागलो.