बोल्ट आवळताना

वडिलांच्या मोटारसायकलला त्यांच्याशिवाय कुणी हात लावत नसे. पण मोतीबिंदूमुळे त्यांना नीट दिसेनासं झालं आणि त्याच आठवड्यात इंजिनखालून ऑइल गळायला लागलं. दुसऱ्या दिवशी मला त्यांना त्याच गाडीवर राहुरीहून नगरला ऑपरेशनला न्यायचं होतं. गॅरेजवाला गावाला गेला होता.

मी आयुष्यात कधी पाना धरला नव्हता. ते शेजारी पाटावर बसून सांगत होते. जुनं ऑइल घमेल्यात काढलं, खालच्या बोल्टचं झिजलेलं वायसर बदललं आणि बोल्ट आवळायला घेतला.

"हळू. आटे गेले तर इंजिन खोलावं लागंल," ते म्हणाले.

मी पाना जरासा फिरवून थांबलो. किती आवळायचं तेच कळेना.

"अजून?" मी विचारलं.

त्यांनी चाचपडत माझ्या हातावर हात ठेवला, पाना किंचित ओढला आणि थांबले. "बास."

नवं ऑइल ओतून मी गाडी सुरू केली आणि खाली पुठ्ठा सरकवला. दहा मिनिटांनी मी वाकून पाहिलं.

"काय दिसतंय?" त्यांनी विचारलं.

"कोरडा आहे पुठ्ठा."

त्यांनी मोठा श्वास सोडला. "मग बंद कर की. पेट्रोल जळतंय."