उन्हातला डबा

मला अळ्यांची किळस येते. नवऱ्याने उमेदीची सगळी वर्षं त्यांच्यावर घालवली, तरी माझी किळस काही गेली नाही. हिमालयातल्या देवदारांच्या सालीखाली राहणाऱ्या, चपट्या, पिवळट अळ्या. तिथल्या बर्फातही त्या मरत नाहीत, कारण त्यांच्या रक्तात एक प्रथिन तयार होतं. बर्फाचा बारीकसा कण धरला की ते त्याला चिकटून बसतं आणि वाढू देत नाही. हे सगळं त्याने मला आमच्या पहिल्याच भेटीत, इंदिरानगरच्या एका हॉटेलात, डोसा गार होईपर्यंत समजावलं होतं. स्वतः मात्र बंगळूरच्या डिसेंबरात माकडटोपी घालून फिरायचा. पंखा जरा जोरात लावला की पांघरूण शोधायचा. "तुझ्या अळ्यांकडून थोडं प्रथिन उसनं घे," असं मी चिडवायचे.

ऑक्टोबरात तो गेला. सकाळी चहा टाकायला उठला आणि ओट्यापाशीच कोसळला. त्याचा भाऊ परदेशातून यायचा होता, म्हणून भाड्याची फ्रीजरपेटी आणली आणि त्याला तिच्यात ठेवलं. हॉलमध्ये ते मशीन सारखं घरघरत होतं. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, काचेवर हात ठेवून म्हणत होत्या, "बंद करा रे ते. त्याला गार सोसत न्हाई." कोणीतरी त्यांना समजावून आत नेलं. निपाणीहून मुलाकडे राहायला आलेल्या आई मग माझ्याकडेच राहिल्या. आम्ही दोघी एका घरात राहत होतो आणि त्याच्याबद्दल अवाक्षर काढत नव्हतो.

त्याचं एक काम अर्धवट राहिलं होतं. या अळ्यांना थंडी एकदम दाखवून चालत नाही. दिवस लहान करत, पारा हळूहळू उतरवत न्यावा लागतो, तेव्हा कुठे ते प्रथिन भरपूर बनतं. त्याने सप्टेंबरात ते सुरू केलं होतं. पुढचं त्याच्या विद्यार्थिनीने सांभाळलं. शेवटची मोजणी तेवढी उरली होती. ती झाली की त्याचा शोधनिबंध पुरा होणार होता, त्याच्या नावाने. पण जानेवारीत प्रयोगशाळेतलं थंड कपाट बिघडलं, बऱ्याच अळ्या गेल्या, आणि तिला नेमकं पहाडात जावं लागलं. उरलेल्या अळ्या सालीच्या तुकड्यांसकट एका डब्यात घालून तिने माझ्या हवाली केल्या. "फ्रिजमध्ये ठेवा, अक्का. उबेला राहिल्या तर प्रथिन निघून जाईल, मग काही उपयोग नाही," एवढं बजावून गेली.

मी डबा दह्याच्या भांड्यामागे ठेवला आणि आईंना सांगितलं, "याला हात लावू नका हं. त्याच्या अळ्या आहेत आत."

एका दुपारी डोकं फार दुखत होतं म्हणून महादेवपुऱ्याच्या ऑफिसातून लवकर परत आले. पाणी घ्यायला फ्रिज उघडला, तर डबा नाही. धावत गच्चीवर गेले. आई चटईवर बसल्या होत्या. समोर त्याच्या स्वेटरची घडी, तिच्यावर झाकण काढलेला डबा, आणि डब्यात भरपूर ऊन.

"हलाय लागल्यात बघ," त्या कौतुकाने म्हणाल्या. "सुरवातीला पार काडीगत पडून असायच्या."

"सुरुवातीला? म्हणजे रोज आणता?"

"रोजच. तू गेलीस की आणते, तू यायच्या आत ठेवते."

माझा तोल सुटला. नको ते बोलले. त्याचं शेवटचं काम मातीत घातलंत म्हणाले; अळ्यांना थंडी लागत नाही, त्या थंडीतच जगतात, हात लावू नका म्हणून सांगितलं होतं ना, म्हणून ओरडले. एक विमान हवाई दलाच्या तळाकडे गेलं. आई स्वेटरची बाही सारखी करत होत्या.

"त्या पेटीची काच लई गार हुती गं," त्या म्हणाल्या. "त्याला मला भाईर काढता आलं न्हाई. ह्या तरी त्याच्याच न्हवं?"

मी जिन्यात जाऊन विद्यार्थिनीला फोन लावला. सगळं ऐकून तिने 'रोज?' असं दोनदा विचारलं. मग म्हणाली, "सरी, अक्का. बिडी." ठीक आहे, सोडून द्या, असं कन्नडमध्ये म्हणाली, आणि फोनवरच रडायला लागली. मोजणी आता होणार नव्हती. या हंगामाच्या तेवढ्याच अळ्या होत्या, आणि त्याच्या हातच्या तर शेवटच्याच. निबंध अर्धाच राहणार होता. तो गेला त्या दिवसापासून मी धड रडले नव्हते. त्या जिन्यात बसून रडले, अगदी ओक्साबोक्शी.

वर आले तेव्हा पाण्याच्या टाकीची सावली डब्यावर आली होती. आईंचे गुडघे धरले होते. त्यांना उठता येत नव्हतं, पण हात डब्याकडे गेला होता आणि माझ्याकडे बघून थांबला होता. मी खाली बसले. स्वेटर दोन्ही हातांनी धरून डब्यासकट उन्हात ओढला. मग वाकून आत बघितलं. किळस आलीच. एक अळी सालीच्या कडेवरून हळूहळू सरकत होती.

"अजून गार लागतंय का गं त्यास्नी?" आईंनी विचारलं.

"नाही, आई," मी म्हणाले. "आता नाही लागत."